‘मला जमत नाही’ असं म्हणू नका!

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘डिजिटल उत्पादनांची युजर एक्सपिरियन्स डिझाइन प्रक्रिया’ असा लिहिला आहे. तो वाचून दोन काकांनी मला दारातच विचारलं, “हे आम्हाला कळेल ना?” मी म्हटलं, “नाही कळलं तर चूक माझी.” त्यांना वाटलं मी विनयाने बोलतेय. पण आमच्या व्यवसायाचा पहिला नियमच तो आहे. समोरच्याला कळलं नाही, तर दोष समोरच्याचा धरायचा नाही.

आधी शब्दाचा अर्थ बघू. युजर एक्सपिरियन्स म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. वस्तू हातात घेतल्यावर माणसाला काय दिसतं, काय कळतं, तो कुठे अडखळतो, काम झाल्याची खात्री त्याला कशी पटते आणि शेवटी त्याच्या मनात काय उरतं, हे सगळं मिळून तो अनुभव. आमच्या क्षेत्रात त्याला थोडक्यात ‘यूएक्स’ म्हणतात. सुंदर रंग आणि गोल कोपऱ्यांची बटणं म्हणजे यूएक्स, असा एक समज आहे. तो मांडव म्हणजेच गणपती असं मानण्यासारखा आहे.

घरातलंच उदाहरण घ्या. प्रेशर कुकर. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण शिट्टी होते आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसालाही कळतं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर तर वाफ कोंडलेली असताना उघडतच नाही. म्हणजे ‘वाफ असताना झाकण उघडू नये’ अशी नुसती सूचना लिहून ते थांबले नाहीत, ती चूक करायची सोयच ठेवली नाही. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, हे शिकवायला कोणी वर्ग घेतला नव्हता. चांगल्या रचनेची ही ओळख आहे.

आता वाईट रचनेचं उदाहरण, आणि ते फार गंभीर आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला. एक झडप बंद व्हायला हवी होती, ती उघडी अडकली आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी तिच्यातून निघून जात राहिलं. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवरचा दिवा मात्र विझला होता. कर्मचाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘झडप बंद झाली’ असा घेतला. प्रत्यक्षात तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला ‘बंद हो’ हा विद्युत संदेश गेला, एवढंच तो सांगत होता. अपघाताची कारणं इतरही होती, पण या गैरसमजात बराच मोलाचा वेळ गेला आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला.

सुरुवातीला बोट कर्मचाऱ्यांकडे दाखवलं गेलं. नंतर त्या नियंत्रण कक्षाचा अभ्यास करायला ज्यांना बोलावलं, त्यांत डोनाल्ड नॉर्मन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं की माणसं हुशार आणि प्रशिक्षित होती, पण कक्षाची रचनाच अशी होती की चूक होणारच. याच नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. १९९३ साली ते ॲपल कंपनीत गेले आणि तिथे ‘युजर एक्सपिरियन्स’ हे शब्द त्यांच्या पदाच्या नावातच आले. आज आपल्या बेंगळुरूत हजारो लोकांच्या कार्डावर ते शब्द दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे.

‘संदेश गेला’ आणि ‘काम झालं’ यांतला हा फरक लक्षात ठेवा. कारण आपल्या मंडळातही हेच घडलं. अणुभट्टी नव्हती, महाप्रसाद होता.

मागच्या वर्षी मंडळाने महाप्रसादाची नोंदणी पहिल्यांदाच ऑनलाइन केली. हेतू उत्तम होता. पानांचा अंदाज दरवर्षी चुकतो. कधी भात उरतो, तर कधी शेवटच्या पंगतीला जिलबी पुरत नाही. म्हणून आपल्या तरुण मंडळींनी ऑफिस सांभाळून दोन रात्री जागून फॉर्म तयार केला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. महाप्रसादाच्या दिवशी मात्र नेहमी पहिल्या पंगतीला असणारी काही ज्येष्ठ मंडळी दिसली नाहीत. चौकशी केल्यावर एक आजी म्हणाल्या, “अगं, मी भरला होता फॉर्म. कूपन काही आलं नाही. म्हटलं, जागा संपल्या असतील. आगंतुकासारखं कसं यायचं?”

ज्या आजींनी इतकी वर्षं या मंडळाचे मोदक वळले, त्या घरी बसून राहिल्या. झालं काय होतं? त्यांनी सगळी माहिती नीट भरली होती. शेवटचं ‘सबमिट’ बटण मोबाइलच्या कीबोर्डखाली झाकलं गेलं होतं. ते त्यांना दिसलंच नाही. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं, आणि झालं नाही असं सांगणारं तिथे काहीही नव्हतं. वर त्या मला म्हणाल्या, “मला मेलीला या मोबाइलमधलं काही जमत नाही.”

यंदा समितीने मला मदतीला बोलावलं आणि नोंदणी नव्याने करायचं ठरलं. ते काम कसं केलं त्याच क्रमाने आज प्रक्रिया सांगते, कारण पाचशे कोटींचं ॲप असो की पाचशे पानांची पंगत, पायऱ्या त्याच आहेत.

पहिली पायरी : बघणं. लोकांना वाटतं की डिझाइनर कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि त्याला कल्पना सुचते. आमचं काम त्याच्या बरंच आधी, दुसऱ्याच्या घरी सुरू होतं. आम्ही दोघं-तिघं सहा घरी गेलो. ‘तुम्हाला फॉर्म कसा हवा?’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. फक्त म्हटलं, “मागच्या वर्षीचा फॉर्म उघडून आमच्यासमोर भरा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला.” आणि गप्प बसून बघितलं.

काय काय दिसलं! एका काकांनी चष्मा बदलला, कारण अक्षर बारीक होतं. एका काकूंनी ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ वाचून विचारलं की मिस्टरांचं नाव कुठे लिहायचं. ई-मेल सक्तीचा होता आणि दोघांकडे ई-मेल नव्हता. एकांनी मुलाचा दिला, म्हणून त्यांचं कूपन गेलं पुण्याला. ओटीपी मेसेजमध्ये यायचा. तो बघायला बाहेर गेलं आणि परत आलं की फॉर्म पुन्हा कोरा. एक आजोबा बराच वेळ बटणावर बोट धरून थांबले. विचारलं तर म्हणाले, “यात पैसे तर नाही ना कापले जाणार?” ही भीती कुठल्याही प्रश्नावलीत आली नसती. ती बोटात दिसली.

आपण बाहेरून आलेल्या माणसांना खरं म्हणजे हे लगेच कळायला हवं. बेंगळुरूत नवे आलो तेव्हा बाजारातल्या कन्नड पाट्या आपल्यापुढे चित्रांसारख्या होत्या. ‘एष्टु?’ एवढा एक शब्द शिकून आपण भाजी घ्यायचो आणि उत्तर आलं की बोटं दाखवायला सांगायचो. तेव्हा आपण अडाणी होतो का? पदव्या होत्या, नोकऱ्या होत्या. फक्त पाटी आपल्यासाठी लिहिलेली नव्हती. फॉर्मपुढे बसलेल्या आजींची स्थिती अगदी तीच आहे.

दुसरी पायरी : प्रश्न नीट मांडणं. समितीने मला सांगितलं होतं, ‘फॉर्म सुधारून दे.’ सहा घरं बघितल्यावर आम्ही प्रश्न बदलला. मंडळाला नेमकं काय हवंय? किती पानं आणि कोणत्या पंगतीला, एवढंच. त्यासाठी ई-मेल कशाला, जन्मतारीख कशाला, पूर्ण पत्ता कशाला? आणि घरच्या माणसाला काय हवंय? आपलं पान धरलंय याची खात्री. हे दोन प्रश्न भिंतीवर लिहून ठेवले आणि मागच्या फॉर्ममधल्या बारा रकान्यांपैकी चार उरले. नाव, फोन, पंगत, पानं.

या पायरीवर आणखी एक गोष्ट विचारायची असते : माणसाला आधीपासून काय येतं? याचं आपल्या देशातलं फार चांगलं उदाहरण म्हणजे मतदान यंत्र. त्यावरचे राजकीय वाद आज बाजूला ठेवू, फक्त रचना बघू. या यंत्राच्या रूपावर मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी काम केलं, आणि ते बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी एक, भारत इलेक्ट्रॉनिक्स, आपल्या बेंगळुरूची आहे. कोट्यवधी मतदारांपैकी कित्येकांना वाचता येत नव्हतं आणि कित्येकांनी कुठल्याही यंत्राचं बटण दाबलेलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांना येत होती. कागदी मतपत्रिकेवर उभी यादी असते, नावापुढे चिन्ह असतं आणि चिन्हापाशी शिक्का मारायचा असतो. यंत्रात तीच उभी यादी ठेवली, तेच चिन्ह ठेवलं आणि शिक्क्याच्या जागी निळं बटण आलं. एका उमेदवाराला एक बटण. दाबलं की त्या नावापुढे लाल दिवा लागतो आणि लांब ‘बीप’ ऐकू येतो. खोलीतल्या सगळ्यांना कळतं की मत पडलं. कुकरची शिट्टीच म्हणा ना.

आम्हीही तेच केलं. मंडळाची जुनी नोंदवही काढली. कित्येक वर्षं त्या वहीत ‘नाव, पानं, कितवी पंगत’ याच क्रमाने लिहिलं जात होतं. नव्या फॉर्ममध्ये तोच क्रम ठेवला. मागच्या वर्षी ‘टाइम स्लॉट सिलेक्ट करा’ असं होतं, त्याच्या जागी ‘कितव्या पंगतीला येणार?’ असं लिहिलं. ‘नंबर ऑफ पर्सन्स’ गेलं आणि ‘किती पानं?’ आलं. भाषांतर करण्यापेक्षा माणसं जे बोलतात ते लिहिणं नेहमी सोपं असतं.

तिसरी पायरी : कच्चं चित्र, आणि एकापेक्षा जास्त. इथे तरुण सहकाऱ्यांची घाई असते. त्यांना लगेच कोड लिहायचा असतो. मी म्हणते, आधी कागद. कागद फाडताना मन दुखत नाही, पण लिहिलेला कोड फेकताना दुखतं. आणि मग माणूस आपल्याच चुकीची वकिली करू लागतो. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक १९९६ साली आला. तो घडवणारे जेफ हॉकिन्स त्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा खिशात घालून फिरत. कोणी भेटीची वेळ ठरवली की तो ठोकळा काढून त्यावर टिपल्याचं नाटक करत. खिशात मावतो का, काढायला सोपा आहे का, एका हातात धरता येतो का, हे सगळं एकही तार न जोडता कळलं.

अनेक पर्याय का? तर तुमच्या मोबाइलवरचे आकडे बघा. वरच्या ओळीत १-२-३ आहेत. कॅल्क्युलेटरवर मात्र वर ७-८-९ असतात. बटणांचा फोन १९६३ साली बाजारात आला, पण त्याआधी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांच्या निरनिराळ्या मांडण्या, गोल, आडव्या, उभ्या, लोकांना प्रत्यक्ष वापरायला दिल्या. कोणती भराभर दाबता येते, कुठे चुका कमी होतात आणि लोकांना कोणती आवडते, हे तपासलं. आज आपण एटीएमवर किंवा यूपीआयचा पिन टाकताना न बघता बोटं फिरवतो, ती त्यांची कमाई आहे.

भाषेच्या बाबतीतही असंच मूलभूत काम झालंय आणि ते आपल्या मराठी माणसांनी अभिमानाने सांगावं असं आहे. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर देवनागरी लिहायची कशी? छत्तीसच्या आसपास व्यंजनं, त्यावर बाराखडी, शिवाय जोडाक्षरं. आयआयटी मुंबईच्या त्याच केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड केला, तो २०१३ साली लोकांसाठी आला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उघडतं आणि बोट सरकवलं की अक्षर उमटतं. यातली खुबी अशी की शाळेत पाठ केलेली वर्णमाला आणि बाराखडी हेच त्याचं शिक्षण. पुन्हा तोच नियम : माणसाला जे येतं त्यावर उभारा. आपल्या फॉर्ममध्ये नाव मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, कसंही चालेल असं ठेवलं. नोंद शोधायला फोन नंबर पुरतो. संगणकाची सोय संगणकाने बघावी.

चौथी पायरी : तपासणं. आमच्या कामाचा हा आत्मा आहे आणि बहुतेक ठिकाणी हाच गाळला जातो. आम्ही कागदावर पाच पडदे काढले आणि पाच जणांपुढे ठेवले. पाचच का? डेन्मार्कचे जेकब नील्सन यांनी २०००च्या सुमारास हे आग्रहाने मांडलं की एका फेरीला पाच माणसं पुरतात, त्यांच्यात बहुतेक मोठ्या अडचणी दिसून जातात. पन्नास जणांना एकदा दाखवण्यापेक्षा पाच जणांना दाखवा, दुरुस्त करा, आणि पुन्हा दुसऱ्या पाच जणांना दाखवा.

ही तपासणी घ्यायचे तीन नियम आहेत, तुम्हालाही उपयोगी पडतील. एक, सुरुवातीलाच सांगायचं : “आम्ही कागद तपासतोय, तुम्हाला नाही.” हे वाक्य ऐकल्यावर माणसाचे खांदे सैल होतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. दोन, मदत करायची नाही. हात पाठीमागे बांधून बसायचं. समोरचा माणूस चुकीच्या ठिकाणी बोट नेतो तेव्हा जीव कासावीस होतो, पण ते बोटच आपल्याला उत्तर देत असतं. तीन, समजावून सांगायचं नाही. तुम्ही ॲपबरोबर प्रत्येकाच्या घरी जाणार नाही आहात.

पहिल्या फेरीत काय सापडलं? आम्ही शेवटच्या बटणावर ‘पुढे’ लिहिलं होतं. एका काकूंनी विचारलं, “पुढे म्हणजे अजून काही आहे?” आणि त्या थांबल्या. तिथे ‘माझं पान धरा’ असं लिहिलं आणि ते बटण पडद्यावर कायम दिसेल अशा जागी आणलं. दुसरी गोष्ट, शेवटी आम्ही ‘धन्यवाद’ असा पडदा ठेवला होता. एक आजोबा म्हणाले, “धन्यवाद ठीक आहे, पण झालं का?” थ्री माइल आयलंडचा दिवा तो हाच! तिथे आता मोठ्या अक्षरांत येतं : ‘दुसरी पंगत. चार पानं. नोंद झाली.’ आणि हीच ओळ फोनवर मेसेज म्हणूनही येते, म्हणजे दोन दिवसांनी शंका आली तरी बघता येते.

पाचवी पायरी : थोड्यांपासून सुरू करणं आणि नंतरही बघत राहणं. मतदान यंत्राचाच प्रवास बघा. १९८२ साली केरळमधल्या परवूर मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर ते प्रथम वापरलं. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत अमान्य केली. १९८८ साली कायदा बदलला. १९९८ साली मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ विधानसभा मतदारसंघांत ते वापरलं, आणि सगळ्या लोकसभा मतदारसंघांत आलं ते २००४ साली. पुढे मत नक्की कुठे गेलं हे मतदाराला दिसावं म्हणून कागदी चिठ्ठीची जोड मिळाली, तिची सुरुवात २०१३ साली नागालँडमध्ये झाली. चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते. म्हणजे ‘बीप’ पुरेसा नाही, अधिक खात्री हवी, हे लक्षात आल्यावर रचनेत भर पडली. एकदा केलं आणि संपलं, असं या कामात नसतं.

आम्हीही लिंक सगळ्या ग्रुपवर टाकण्याआधी एका इमारतीपुरती दिली. आणि एक दार कायम उघडं ठेवलं : ज्यांना मोबाइलवर नको, त्यांनी फोन करावा किंवा मांडवातल्या वहीत नाव लिहावं. वही गेलेली नाही आणि जाऊ नये.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे वळते. फॉर्म बिघडला तर एक जेवण चुकतं. इतर ठिकाणी काय चुकतं?

यूपीआय २०१६ साली आलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहार त्यावर झाले. जगाने नाव घ्यावं असं काम आहे. भाजीवालीच्या गाड्यावर ‘पन्नास रुपये मिळाले’ असं बोलणारा डबा २०१९ पासून दिसू लागला. भाजी निवडताना हातात फोन धरता येत नाही आणि ग्राहकाने दाखवलेल्या पडद्यावर विश्वास ठेवावा लागतो, ही तिची अडचण कोणीतरी तिच्याजवळ उभं राहून पाहिली असणार. पण याच व्यवस्थेत एक फट होती. आपण कोणाकडे पैसे मागण्याची विनंती पाठवू शकत होतो. भामटे फोन करून सांगत, “तुम्हाला पैसे पाठवतोय, स्वीकारायला पिन टाका.” माणूस पिन टाकी आणि पैसे जात. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ असं वर्षानुवर्षं जाहिरातींतून सांगितलं गेलं, तरी लोक फसत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. कुकरच्या झाकणाचा धडा हाच होता. लाखो माणसं एकाच जागी घसरत असतील, तर पाटी लावण्यापेक्षा फरशी बदला.

दुसरं उदाहरण ऐकून मन हेलावतं. बँकेत खातं उघडताना किंवा सिम घेताना मोबाइलवर ओळख पटवावी लागते आणि समोर खरा माणूस आहे हे दाखवायला ‘डोळे मिचकवा’ असं सांगितलं जातं. ॲसिडहल्ल्यात ज्यांच्या डोळ्यांना, चेहऱ्याला इजा झाली, त्यांनी काय करायचं? ज्यांना दिसत नाही, त्यांनी कॅमेऱ्यापुढे चेहरा चौकटीत कसा बसवायचा? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ही प्रक्रिया सर्वांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देशही दिले. ‘डोळे मिचकवा’ हा पडदा ज्याने केला तो दुष्ट नव्हता. त्याने फक्त आपल्यासारख्याच लोकांवर तो तपासला होता.

दुष्टपणाही असतो, तेही सांगायला हवं. ‘ही ऑफर पाच मिनिटांत संपेल’ असं खोटं घड्याळ, टोपलीत गुपचूप टाकलेला विमा, सहज घेता येणारी पण सोडता न येणारी वर्गणी. हेही कोणीतरी माणसांचा नीट अभ्यास करूनच केलेलं असतं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमची विद्या सुरीसारखी आहे, फळ कापायलाही तीच आणि खिसा कापायलाही तीच.

शेवटी दोन विनंत्या करते.

पहिली माझ्या सहकाऱ्यांना. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी जण कुठल्या ना कुठल्या पडद्यामागे काम करतात. कोणी बँकेचं, कोणी हॉस्पिटलचं, कोणी रेल्वेचं. तुमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणतं, ‘युजरला साधं एवढं कळत नाही?’ त्या क्षणी एवढंच विचारा, ‘आपण त्याला वापरताना कधी पाहिलंय का?’ महिन्यातून अर्धा दिवस काढा. पाच माणसं, एक कागद, आणि गप्प बसायची तयारी, याहून जास्त खर्च नाही. वेळ नाही, असं म्हणू नका. न बघता केलेलं काम दुसऱ्यांदा करायला वेळ काढावाच लागतो.

दुसरी विनंती ज्येष्ठांना. काका, काकू, आजी, तुम्ही पिठाच्या स्पर्शावरून उकड झाली की नाही ते सांगता. तारखेचा हिशोब तोंडावर करता. परक्या प्रांतात, परक्या भाषेत तुम्ही संसार उभा केलात. तुम्हाला चार बटणं जमत नाहीत, हे मला पटत नाही. यापुढे एखादा फॉर्म अडला तर ‘मला जमत नाही’ म्हणू नका. ‘हा फॉर्म नीट केलेला नाही’ असं म्हणा, आणि कुठे अडलं ते घरातल्या मुलाला, सुनेला, नातवाला सांगा. मुलांनो, तेव्हा फोन हातातून काढून घेऊन ‘द्या, मी करतो’ असं म्हणू नका. शेजारी बसा, ते कुठे थांबतात ते बघा आणि ते आपल्या ऑफिसात जाऊन सांगा.

यंदाच्या महाप्रसादाच्या नोंदणीचा कागद दाराशी ठेवला आहे आणि लिंकही आजच ग्रुपवर येईल. जिथे अडेल तिथे अडलं असं स्पष्ट सांगा, आम्ही रात्रीतून बदलू. पान तुमचं आहेच.

आरतीची वेळ झाली आहे, आणि बच्चेकंपनीची चुळबुळ हाही एक अभिप्रायच आहे, तेव्हा थांबते.

गणपती बाप्पा मोरया!